गंगेच्या माशांना नावे देणारा डॉक्टर

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासची शोभिवंत माशांची दुकाने असोत किंवा कोलकात्यात गॅलिफ स्ट्रीटवर भरणारा रविवारचा बाजार असो, काचेच्या पेट्यांतला पसारा बहुतेक सारखाच असतो. अंगावर निळे पट्टे घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड धावणारे झेब्राफिश, तांबूस झाक असलेले रोझी बार्ब, पृष्ठभागाजवळ संथपणे तरंगणारी मधाच्या रंगाची गौरामी, आरपार दिसणारा काचमासा. आणि एखाद्या कोपऱ्यातील पेटीत, दोन्ही वाटोळे डोळे निरनिराळ्या दिशांना फिरवीत गिऱ्हाइकाकडे कुतूहलाने पाहणारा गोड्या पाण्यातला केंड, म्हणजेच पफरफिश. घरातील मुले हमखास याच माशापुढे थबकतात. मग पालकांचा ठरलेला प्रश्न येतो: हा इतरांबरोबर एकाच टाकीत राहील का?

गंमत अशी, की वर सांगितलेले मासे एका अर्थाने एकाच घरचे आहेत. त्यांच्या शास्त्रीय नावांपुढे एकच आडनाव आणि एकच साल लिहिलेले असते: हॅमिल्टन, १८२२. एकाच माणसाने, एकाच ग्रंथात, त्यांची जगाला प्रथम ओळख करून दिली. मासळीबाजारातले रोहू आणि कटला तसेच बंगालचा लाडका हिलसा यांचीही शास्त्रीय नोंद त्याच ग्रंथातली. हा माणूस पेशाने डॉक्टर होता, आवडीने वनस्पतिशास्त्रज्ञ होता आणि नोकरीने ईस्ट इंडिया कंपनीचा सर्वेक्षक होता. भारतात त्याला बुकॅनन या नावाने ओळखत आणि माशांच्या अभ्यासकांना तो हॅमिल्टन म्हणून माहीत आहे. एकाच व्यक्तीची ही दोन नावे असल्याचे ठाऊक नसल्याने अनेक वाचकांचा गोंधळ उडत आला आहे.

फ्रान्सिस बुकॅनन यांचा जन्म १५ फेब्रुवारी १७६२ रोजी स्कॉटलंडमधील पर्थशायर परगण्यात झाला. वडील वैद्य होते. आई बार्डोवीच्या हॅमिल्टन घराण्यातली. घराणे जुने आणि जमीनजुमला असलेले असले, तरी फ्रान्सिस हे धाकट्या मुलांपैकी असल्याने इस्टेट त्यांच्या वाट्याला येण्याची चिन्हे नव्हती आणि पोटापाण्याचा उद्योग शोधणे भाग होते. ग्लासगो येथे शिक्षण घेऊन त्यांनी १७८३ मध्ये एडिंबरा विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळवली. तेथे जॉन होप हे वनस्पतिशास्त्राचे अध्यापक होते. लिनियसने घालून दिलेली नामकरणाची आणि वर्गीकरणाची पद्धत ब्रिटनमध्ये शिकवणाऱ्या पहिल्या काही अध्यापकांत त्यांची गणना होते. होप यांच्या व्याख्यानांच्या वह्या बुकॅनन यांनी काळजीपूर्वक लिहून काढल्या होत्या. त्या वह्यांनी पुढे जो प्रवास केला, तो एखाद्या कादंबरीकाराने रचला असता तर कोणी विश्वास ठेवला नसता.

पदवी मिळाल्यावर बुकॅनन व्यापारी जहाजांवर डॉक्टर म्हणून आशियाच्या फेऱ्या करू लागले. १७८५ च्या एका सफरीत त्यांनी त्या वह्या अलेक्झांडर बॉसवेल या सहप्रवाशाला वाचायला दिल्या. बॉसवेलने त्या म्हैसूरच्या मुलखात, सत्यमंगलम येथे गमावल्या. वह्या टिपू सुलतानाच्या हाती पडल्या आणि सुलतानाने त्यांची नव्याने बांधणी करून त्या आपल्या ग्रंथालयात ठेवल्या. श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर, १८०० मध्ये, एका इंग्रज मेजरला त्या सापडल्या आणि त्याने त्या मूळ मालकाकडे पोहोचवल्या. आयुष्यात पुढे या माणसाचे जे कागद हातातून गेले, ते मात्र असे परत आले नाहीत.

१७९४ मध्ये बुकॅनन कंपनीच्या बंगालमधील वैद्यकीय सेवेत रुजू झाले. पुढच्याच वर्षी कंपनीने कॅप्टन सिम्स यांच्या नेतृत्वाखाली ब्रह्मदेशाच्या राजदरबारी वकिलात पाठवली. तिच्याबरोबर डॉक्टर म्हणून बुकॅनन गेले आणि येताना वनस्पतींचा मोठा संग्रह घेऊन आले. त्यानंतर बंगालच्या आग्नेय भागातील लखीपूर येथे त्यांची नेमणूक झाली. मेघनेच्या मुखाजवळचा हा प्रदेश म्हणजे पाण्याचेच राज्य. नदी कुठे संपते आणि समुद्र कुठे सुरू होतो हे भरती-ओहोटीवर ठरते. कोळ्यांच्या टोपल्यांतून रोज नवनवे मासे येत. रुग्णांची तपासणी संपली की डॉक्टर त्या टोपल्यांपाशी बसत. माशांचा अभ्यास त्यांनी येथे सुरू केला आणि तो भारत सोडेपर्यंत, सुमारे वीस वर्षे, चालू ठेवला.

१७९९ मध्ये टिपूचा पराभव झाला आणि हाती आलेल्या मुलखात नेमके काय पिकते, काय विकते हे कंपनीला जाणून घ्यायचे होते. गव्हर्नर जनरल वेलस्ली यांनी हे काम बुकॅनन यांच्यावर सोपवले. एप्रिल १८०० मध्ये ते मद्रासहून निघाले. म्हैसूर, मलबार आणि कानडा हे प्रांत पालथे घालीत, उत्तरेला कारवारपर्यंत जाऊन, १८०१ च्या मध्यास ते परतले. शेतीची अवजारे, पाटबंधारे, लोखंडाच्या भट्ट्या, विणकरांची मजुरी, गुरांच्या जाती, देवस्थानांची उत्पन्ने यांतले काहीही त्यांच्या नजरेतून सुटले नाही. या प्रवासाचा वृत्तान्त १८०७ मध्ये लंडनमध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाला. दक्षिणेच्या आर्थिक इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला त्याला वगळून पुढे जाता येत नाही. अर्थात तो विजेत्या सत्तेच्या नोकराने सत्तेसाठी लिहिलेला आहे, हे वाचताना ध्यानात ठेवावेच लागते.

१८०२-०३ मध्ये नेपाळ झाले. तेथून आल्यावर ते वेलस्ली यांचे खासगी डॉक्टर बनले. वेलस्ली यांना बराकपूर येथे प्राणिसंग्रहालय उभारण्याची हौस होती. हिंदुस्थानातील प्राणी-पक्षी तेथे आणून ठेवावेत, त्यांची चित्रे काढून घ्यावीत आणि शास्त्रशुद्ध वर्णने लिहावीत, अशी ती योजना. तिची जबाबदारी बुकॅनन यांच्याकडे आली. प्राणी पिंजऱ्यात, चित्रकार समोर आणि डॉक्टर टिपणे लिहिताहेत, असे हे काम चालले. पण १८०५ मध्ये वेलस्ली यांना मायदेशी बोलावण्यात आले आणि योजनेतला जीव गेला. बुकॅनन त्यांच्याबरोबर इंग्लंडला गेले. पुढच्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्यत्व दिले.

१८०७ मध्ये ते पुन्हा बंगालात आले, ते आयुष्यातले सर्वांत मोठे काम अंगावर घेऊन. कंपनीच्या ताब्यातील बंगाल इलाख्याचे जिल्हावार सर्वेक्षण. भूगोल, लोक, धर्म, शेती, उद्योग, व्यापार आणि निसर्गात जे जे उपलब्ध आहे ते सारे. जंगले आणि खाणी यांच्याबरोबर मासेमारीचाही त्यात स्वतंत्र उल्लेख होता. दिनाजपूर, रंगपूर, पूर्णिया, भागलपूर, बिहार आणि पाटणा, शहाबाद, गोरखपूर असे एकेक करीत त्यांनी सात वर्षे काढली. कोरड्या महिन्यांत भटकंती आणि पावसाळ्यात एका जागी बसून लेखन, असा साधारण क्रम होता.

या सात वर्षांत माशांचा अभ्यास परिपक्व झाला. बुकॅनन यांची पद्धत साधी होती. कोळ्याकडून ताजा मासा घ्यायचा, त्याचे तेथील नाव विचारायचे, पर आणि त्यांतले काटे मोजायचे, रंग उतरण्यापूर्वी चित्रकाराकडून चित्र करून घ्यायचे आणि वर्णन लिहून काढायचे. विशेष म्हणजे त्यांनी कोळ्यांनी सांगितलेली नावे टाकून दिली नाहीत. लॅटिन-ग्रीक शब्दांची जुळवाजुळव करण्याऐवजी तीच नावे त्यांनी शास्त्रीय नामावलीत नेऊन बसवली. रोहिता, कटला, मृगळा, इलिशा, टेंगरा ही नावे जगभरच्या ग्रंथांत आज लिहिली जातात, ती त्या अनामिक कोळ्यांच्या तोंडची आहेत. त्या काळच्या युरोपीय शास्त्रज्ञांत ही रीत दुर्मीळच.

केंडांच्या बाबतीतही तेच. गंगेच्या खोऱ्यात आणि मुखाशी त्यांना जे केंड आढळले, त्यांतले तीन आजच्या मत्स्यशौकिनांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. एकाला त्यांनी कुटकुटिया म्हटले. दुसऱ्याला पटोका, ज्यात बंगालीतला पटका हा केंडाचा शब्द ऐकू येतो. तिसऱ्याला मात्र लॅटिन नाव मिळाले, फ्लुविआटिलिस, म्हणजे नदीतला. हे तिसरे नाव पुढे अनेकांना महागात पडले.

कारण असे, की बुकॅनन यांच्या लेखी गंगा म्हणजे हिमालयाच्या पायथ्यापासून खाडीच्या खाऱ्या पाण्यापर्यंतचा सगळा पसारा. त्यांच्या यादीत डोंगरातल्या ओढ्याचा मासाही आहे आणि भरतीबरोबर आत शिरणारा मासाही आहे. कुटकुटिया हा गोड्या पाण्यातला केंड, तळी, ओढे आणि नदीचे संथ भाग यांत राहणारा. फ्लुविआटिलिस हा नावाने नदीतला असला, तरी प्रत्यक्षात खाडीच्या मचूळ पाण्यातला. पिवळसर हिरव्या अंगावर काळे ठिपके असलेला हा देखणा मासा लहानपणी गोड्या पाण्यात तग धरतो, म्हणून गोड्या पाण्यातला म्हणून विकलाही जातो. वाढू लागला की त्याला मीठ हवे असते. ते न मिळाल्यास काही महिन्यांत तो मलूल होतो, रोगांना बळी पडतो आणि घरात त्याला काय झाले हे कोणालाच उमगत नाही. पटोका तर आणखी मोठा होणारा, सरळ खाडीचा आणि किनाऱ्याचा रहिवासी. म्हणजे एका ग्रंथात शेजारी बसलेले हे तीन केंडसुद्धा एका टाकीतले नव्हेत. सोबती निवडण्याचा प्रश्न पुढचा, आधी केंड कोणता आणि त्याचे पाणी कोणते, हे ठरवावे लागते.

कुटकुटिया ओळखून घरी आणला, तरी अडचण संपत नाही. ती सुरू होते त्याच्या तोंडापासून. केंडांच्या कुळाला चार दातांचे कुळ म्हणतात. वर दोन आणि खाली दोन दातांच्या पट्ट्या मिळून पोपटाच्या चोचीसारखी कात्री तयार होते. सिंधुदुर्गातल्या मच्छीमारांना या कात्रीची ओळख वेगळी करून द्यायला नको. समुद्रातल्या केंडांच्या झुंडी येतात तेव्हा जाळी फाटतात, हे त्यांनी अनुभवलेले आहे. टाकीतला कुटकुटिया लहान, वीतभरही नसलेला, पण हत्यार तेच. हे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि कठीण खाद्य चावूनच झिजतात. त्यासाठी त्याला शंखातल्या गोगलगायी आणि कवचासकट कोळंबी द्यावी लागते. नुसत्या तयार दाण्यांवर ठेवलेल्या केंडाचे दात इतके वाढतात, की तोंड उघडेनासे होऊन तो अन्नापुढे उपाशी मरू शकतो.

अशा माशाबरोबर कोणाला ठेवावे? त्याच ग्रंथातले त्याचे शेजारी एकेक करून पाहिले, तर उत्तर आपोआप हाती येते. मधाच्या रंगाची गौरामी आणि तिची बहीण ड्वार्फ गौरामी या दोघी संथ, लाजऱ्या आणि पोटाखाली लांब धाग्यांसारखे पर बाळगणाऱ्या. केंडाला हे धागे गांडुळासारखे वाटतात की काय कोण जाणे, पण ते शिल्लक राहत नाहीत. बाडिस हा रंग पालटणारा छोटा मासा दगडांच्या सांदीत दबकून राहणारा. त्याला आपला कोपरा सोडवत नाही आणि केंडाला दुसऱ्याने कोपरा धरलेला खपत नाही. काचमासा नाजूक आणि भित्रा. राहता राहिले झेब्राफिश आणि बार्ब. हे चपळ, आखूड परांचे आणि थव्याने राहणारे. केंड पोहण्यात मंद असतो. पोटाखालचे पर त्याला नसतातच आणि पाठीच्या व गुदद्वारामागच्या लहान परांची वल्ह्यासारखी हालचाल करीत तो जागच्या जागी वळतो. दिवसा तो या धावणाऱ्या माशांना सहसा गाठू शकत नाही. म्हणून टाकी प्रशस्त असेल, झाडोरा आणि आडोसे भरपूर असतील आणि थवा आठ-दहांचा असेल, तर ही सोबत काही काळ निभते. रात्री थवा विसावल्यावर काय होते, ते सकाळी शेपट्या मोजल्यावर कळते. अनुभवी शौकीन कुटकुटियाला एकट्यालाच टाकी देतात आणि हाच मार्ग अधिक शहाणपणाचा आहे. नर आपल्या अंड्यांची राखण करतो, तेव्हा तर तो स्वतःच्या मादीलाही जवळ फिरकू देत नाही.

यात केंडाला दुष्ट ठरवण्याचे कारण नाही. पूर्णियाच्या किंवा रंगपूरच्या एखाद्या बिलात हेच सारे मासे शेजारी राहत असत. तेथे चावा घ्यायला येणाऱ्यापासून पळून जायला पाणी होते. काचेच्या पेटीत पळण्याची वाट चार भिंतींनी अडलेली असते. बुकॅनन यांना हे कळण्याचा संभवच नव्हता. त्यांच्यापर्यंत मासे येत ते टोपलीतून, एकमेकांवर रचलेले. घरातील काचेच्या टाकीची कल्पना त्यांच्या मृत्यूनंतर वीसेक वर्षांनी रुजली. १८५० च्या सुमारास लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने सोनेरी मासे, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून पाणी फारसे न बदलता टाकी टिकवून दाखवली. मासे, वनस्पती आणि सडके साफ करणारी गोगलगाय असा तो तिघांचा संसार होता. त्यात केंड सोडला असता तर पहिल्याच दिवशी गोगलगायी संपल्या असत्या.

१८१४ मध्ये सर्वेक्षण आटोपले. होप यांचेच दुसरे विद्यार्थी विल्यम रॉक्सबर्ग कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाचे प्रमुख होते. प्रकृती ढासळल्याने त्यांनी ते पद सोडले होते. त्यांच्या जागी बुकॅनन यांची नेमणूक झाली. अनेक वर्षे त्यांना हव्या असलेल्या या खुर्चीत ते जेमतेम काही महिने बसले. त्यांचीही प्रकृती आता साथ देत नव्हती आणि १८१५ च्या प्रारंभी त्यांनी मायदेशी परतण्याची तयारी केली. सामानात होते वीस वर्षांचे कागद: हस्तलिखिते, टिपणे आणि प्राणी, पक्षी व मासे यांची रंगीत चित्रे. ती लंडनला नेऊन कंपनीच्या संचालक मंडळाला अर्पण करायची आणि त्यांच्या आधारे ग्रंथ लिहायचे, असा त्यांचा बेत होता.

येथे लॉर्ड मॉयरा आडवे आले. तेव्हाचे हे गव्हर्नर जनरल, पुढे मार्क्वेस ऑफ हेस्टिंग्ज म्हणून ओळखले गेले. कंपनीच्या पैशातून तयार झालेली चित्रे कंपनीची, म्हणून ती कलकत्त्यातच राहतील, असा त्यांनी पवित्रा घेतला. कायद्याच्या काट्यावर तोलले तर त्यांचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. बुकॅनन पगारी नोकर होते आणि चित्रकारांचे वेतनही सरकारी तिजोरीतून झाले होते. पण संग्रह ज्या मंडळाच्या मालकीचा, त्याच मंडळाकडे तो जाणार होता. तो अडवून कलकत्त्याच्या कोठारात ठेवण्याने कंपनीच्या पदरात काय पडले, हे समजणे कठीण आहे. बुकॅनन यांच्या पदरातून काय गेले, ते मात्र स्पष्ट आहे. त्यांनी माशांचे नमुने जतन करून ठेवलेले नव्हते. बंगालच्या उकाड्यात शेकडो मासे मद्यार्कात राखणे आणि होडीतून हिंडवणे सोपे काम नव्हते. नमुना नाही तेथे चित्र हाच पुरावा. तोच पुरावा मागे ठेवून त्यांना गलबतावर चढावे लागले.

स्कॉटलंडमध्ये परतल्यावर दैवाने आणखी एक वळण घेतले. वडील भावांच्या पश्चात आईकडील इस्टेट त्यांच्याकडे आली आणि १८१८ मध्ये त्यांनी हॅमिल्टन हे आडनाव स्वीकारले. कॅलंडरजवळच्या लेनी येथे ते राहू लागले. नोकरी शोधत जहाजावर चढलेला धाकटा मुलगा आता जमीनदार झाला होता. तेथे बसून त्यांनी हातातल्या टिपणांवरून लेखन सुरू केले. नेपाळवरील ग्रंथ १८१९ मध्ये निघाला आणि १८२२ मध्ये एडिंबरा येथून गंगा आणि तिच्या उपनद्यांतील माशांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात २६९ जातींची वर्णने होती आणि सोबत चित्रांचे अवघे ३९ पट. उरलेल्या कित्येक माशांची चित्रे कलकत्त्यात पडून होती. मुखपृष्ठावर नाव हॅमिल्टन असे आले, म्हणून माशांपुढे हॅमिल्टन लागले. वनस्पतींच्या जगात मात्र दोन्ही आडनावे जोडून लिहिण्याचा प्रघात राहिला.

ग्रंथाचे महत्त्व ओळखले गेले, पण त्याबरोबर एक डोकेदुखीही आली. चित्राविना छापलेले चार ओळींचे वर्णन वाचून हा नेमका कोणता मासा, हे ठरवताना पुढचे अभ्यासक चाचपडू लागले. कोणी एकाच माशाला दोन नावे दिली, तर कोणी दोन माशांना एकच मानले. बार्ब आणि डॅनिओ यांसारख्या लहान माशांच्या बाबतीत तर हा घोळ फारच झाला. दरम्यान कलकत्त्यातील चित्रे इतरांच्या उपयोगाला येत होती. त्यांच्या प्रती मेजर जनरल हार्डविक यांच्या संग्रहात गेल्या. जॉन मॅक्लेलँड यांनी १८३९ मध्ये कार्प कुळातील भारतीय माशांवर लिहिताना त्या चित्रांचा आधार घेतला. सर्वेक्षणाच्या हस्तलिखितांची गतही फार निराळी झाली नाही. १८३८ मध्ये माँटगोमेरी मार्टिन यांनी त्यांतला निवडक भाग तीन खंडांत छापला. ज्याने सात वर्षे पायपीट केली, त्याला त्यात मिळायला हवा होता तितका मान मिळाला नाही.

हे पाहायला हॅमिल्टन नव्हते. अखेरच्या वर्षांत ते बुकॅनन घराण्याच्या प्रमुखपदावरचा आपला हक्क शाबीत करण्यासाठी जुनी कागदपत्रे धुंडाळीत होते. जमीनदारीत रमलेल्या वृद्धाचा हा छंद थोडा केविलवाणा वाटतो. नाव टाकून दिलेला माणूस त्याच नावाचा प्रमुख होऊ पाहत होता. १५ जून १८२९ रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

चित्रांच्या कोड्याचा उलगडा करण्याचे मोठे श्रेय एका भारतीय शास्त्रज्ञाकडे जाते. कलकत्त्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतील सुंदरलाल होरा यांनी ती मागे राहिलेली चित्रे काढून, ग्रंथातील वर्णनांशी ताडून पाहिली आणि १९२९ मध्ये, हॅमिल्टन यांच्या निधनाला शंभर वर्षे होत असताना, गंगेच्या माशांचा अभ्यास करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक प्रबंध प्रसिद्ध केला. मुंबई इलाख्यातील मत्स्यसंशोधक चिं. वि. कुलकर्णी यांनी १९४० मध्ये कोकणपट्टीतल्या एका चिमुकल्या माशाला होराइक्थिस हे नाव दिले, ते याच होरांच्या गौरवार्थ. केंडाच्या गोष्टीतही होरा आहेतच. १९४१ मध्ये के. के. नायर यांच्यासह त्यांनी त्रावणकोरमधील पंपा नदीतल्या एका इवल्या केंडाचे वर्णन केले. पूर्ण वाढला तरी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास राहणारा हा मासा वाटाण्याएवढा म्हणून पी पफर या नावाने जगभर विकला जातो. आकार लहान म्हणून तो सोशिक असेल, या समजुतीने गप्पी आणि फायटर यांच्या टाकीत त्याला सोडणारे पस्तावतात. याचे स्वजातीयांशीच जमते, तेही झाडोरा दाट असेल आणि नर मोजके असतील तर. मूळच्या नद्यांत त्याची संख्या घटत चालली असून जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेने त्याला असुरक्षित जातींत गणले आहे.

हॅमिल्टन यांच्या माशांचे नशीब मात्र त्यांच्या कागदांपेक्षा चांगले निघाले. कोसी नदीतून त्यांनी टिपलेला बोटाच्या दोन पेरांएवढा झेब्राफिश जगातल्या प्रयोगशाळांचा आवडता प्राणी बनला. १९८१ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाचे जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी त्याच्यावरील प्रयोग प्रसिद्ध केले आणि २०१३ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रकाशित झाला. रोहू आणि कटला यांच्यावर देशातील तळ्यांमधली मत्स्यशेती उभी राहिली. कुटकुटियाला टेट्राओडॉन या जुन्या गोतातून काढून लिओडॉन गोतात बसवण्यात आले. गोत बदलले, तरी कोळ्यांनी दिलेले नाव कायम राहिले.

लंडनच्या रे सोसायटीने २०१९ मध्ये राल्फ ब्रिट्झ यांनी सिद्ध केलेली गंगेच्या माशांच्या ग्रंथाची नवी आवृत्ती प्रसिद्ध केली. पूर्वी कधीही न छापलेली रंगीत चित्रे तिच्यात आहेत. हॅमिल्टन यांना कलकत्त्याच्या धक्क्यावरून ती चित्रे मागे ठेवून निघावे लागले, त्याला तेव्हा २०४ वर्षे झाली होती.